मिक्सर कधी चालतो, कधी नाही?

लगेच मोटर बदलायला घेऊ नकोस. कधी बंद पडतो ते दोन-चार दिवस लिहून ठेव: गार असताना, की वाटण करून तापल्यावर? तापल्यावरच थांबत असेल तर बहुधा तळाचं ओव्हरलोड बटण (मोटरवर जास्त ताण आला की वीज तोडणारं) उडतंय. भांडं कमी भर. गार असतानाही अडतो आणि थोडा हलवला की सुरू होतो, असं असेल तर माझा पहिला संशय कार्बन ब्रशवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या दोन छोट्या तुकड्यांवर. ते झिजून आखूड झाले की कम्युटेटरला (त्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) नीट टेकत नाहीत, ठिणग्या वाढतात. बदलताना दोन्ही बदल. उघडण्याआधी प्लग काढच, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. आणि हो, वायर पिनपाशी आतून तुटलेली असते कधीकधी. प्लग काढलेला असतानाच मल्टीमीटर (वीज-जोडणी तपासायचं यंत्र) लावून ती वाकवून बघ, जोडणी मध्येच तुटते का.