गेलेल्या माणसासाठी जिवंतांना काही करता येते का?

आपण ऐरोलीहून लिहिले आहे की सहा दिवसांपूर्वी आपले वडील गेले. थोरल्या भावाला दहाव्यापासून तेराव्यापर्यंत सारे यथासांग करायचे आहे, आपला त्यातल्या कशावरही विश्वास नाही, आणि ‘त्यांना गती मिळाली नाही तर त्याला तुम्ही जबाबदार’ असे वहिनी बोलून गेल्यापासून घरात अबोला आहे. मृत्यूनंतर काय होते याविषयी इतकी वेगवेगळी मते का आहेत आणि त्यांतले खरे कोणते, असा आपला प्रश्न आहे. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो, शाळेत संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. 2011 साली माघात आमचे अण्णा गेले, तेव्हा मी आपल्या भावाच्या जागी होतो आणि माझी धाकटी बहीण आपल्या जागी होती. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण माझा पुढचा सारा विचार तिच्यापासून सुरू झाला. अण्णांना नेल्यानंतर त्यांची खाट हलवून त्या जागी आत्याने परातीत गव्हाचे पीठ सारखे केले, त्यावर कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून लावला आणि वर वेताची टोपली उपडी घातली. सकाळी टोपली काढल्यावर पिठावर बारीक रेघा दिसल्या, तेव्हा आत्या हळूच म्हणाली, ‘पाखराचा जन्म मिळाला.’ आईने हात जोडले. इकडे ज्या दगडाने मडके फोडले होते तो जीवखडा मी स्टीलच्या डब्यात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरच्या बाजूने, ग्रिलला सुतळीने बांधून ठेवला होता. घरात आणायचा नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला अंगण नाही, म्हणून ती सोय. त्या दगडात अण्णा दहा दिवस आहेत असे समजून मी रोज त्याच्यावर पाणी घालत होतो. वर्तमानपत्रात दिलेल्या निधनवार्तेत आम्ही त्यांना ‘कैलासवासी’ म्हटले होते, आणि माझ्या लहान मुलीला ‘आजोबा देवाघरी गेले’ असे सांगितले होते. चौथ्या दिवशी बहिणीने विचारले, ‘अण्णा पाखरू झाले असतील तर दगडात कोण आहे? आणि कैलासावर गेले असतील तर पिंड कोणासाठी?’ मला उत्तर देता आले नाही. आई मात्र म्हणाली, ‘कुठेही असोत, त्यांनी जेवणाची वेळ कधी चुकवली होती का? दहा दिवस उपाशी ठेवू?’

माणसामाणसांत मते भिन्न आहेत असे आपण म्हणता. मी म्हणेन की एकाच घरात, एकाच माणसाच्या मनात, चार मते एका वेळी सुखाने नांदतात. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होऊ नये, कारण हे थर फार जुने आहेत आणि आपल्या परंपरेने नवा थर चढवताना जुना खरवडून काढलेला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मृताला सांगितले आहे की तुझा डोळा सूर्याकडे जावो, श्वास वाऱ्याकडे जावो. त्याच मंडलात यम हा वाट शोधून काढणारा पहिला आहे आणि पितर त्याच्याबरोबर आनंदात आहेत. कर्मानुसार पुन्हा जन्म ही कल्पना उपनिषदांत स्पष्ट होत गेली. पुढे गरुडपुराणाच्या प्रेतकल्पात तपशीलवार हिशेब आला: दहा दिवसांचे दहा पिंड म्हणजे प्रेताला मिळणारे नवे सूक्ष्म शरीर, पहिल्या दिवशी डोके, मग मान आणि खांदे, असे करत दहाव्या दिवशी भूक आणि तहान. आईने गरुडपुराण कधी वाचले नव्हते, पण तिच्या तोंडून नेमकी भूकच निघाली, याचे मला आजही आश्चर्य वाटते. मूळ विधानाप्रमाणे वर्षभर प्रवास करून तो जीव पितरांत मिसळायचा. ते सपिंडीकरण आपण आता बाराव्या दिवशीच उरकतो, आणि तशी मुभाही शास्त्रात आहे.

बहिणीची शंकाही नवी नव्हती, हे मला नंतर वाचनातून कळले. श्राद्धाने मेलेल्याची तृप्ती होत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरी बसूनच त्याचे पोट भरता येईल, असा परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचा युक्तिवाद चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त नोंदलेला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात मान्य केले आहे की कर्म आणि पुनर्जन्म यांवर दृढ विश्वास ठेवणाऱ्याला पिंडाने पितर तृप्त होतात ही समजूत जुळवून घेणे अवघड जाईल. पुराणकारांनाही ही अडचण दिसली होती. मत्स्यपुराणाने तिच्यावर तोडगा दिला की श्राद्धाचे अन्न रूप बदलते: वडील देव झाले असतील तर ते अमृत होते, पशू झाले असतील तर गवत, साप झाले असतील तर वारा. हा तोडगा तर्काला पटणार नाही, पण तो कशासाठी शोधला गेला ते पाहा. काहीही झाले तरी मुलाने वाढलेले वडिलांपर्यंत पोहोचलेच पाहिजे, एवढ्यासाठी.

येथेच मला खरा फाटा दिसतो. आत्मा आहे की नाही, स्वर्ग आहे की पुनर्जन्म, यावर सहसा कुणाच्या घरात अबोला धरला जात नाही. गेलेल्या माणसासाठी जिवंतांना अजून काही करता येते का, या प्रश्नावर मात्र घरे तुटतात. वहिनींच्या वाक्यात तेच आहे: करता येत होते आणि तुम्ही केले नाही.

हा प्रश्न केवळ हिंदूंचा नाही. ठाण्यातल्या टेंभी नाक्याला थोडे फिरले तरी ते दिसते. तिथे 1879 साली बांधलेले बेने इस्रायली ज्यूंचे सिनेगॉग आहे. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थच ‘स्वर्गाचे द्वार’ असा आहे. माझे एक सहशिक्षक त्या समाजाचे होते, घरात आपल्यासारखेच मराठी बोलणारे. आई गेल्यावर ते अकरा महिने कद्दीश ही प्रार्थना म्हणायला जात होते. अकराच का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की पापी जीवाची शुद्धी बारा महिने चालते असे जुने धर्मगुरू मानतात; मुलाने पूर्ण बारा महिने प्रार्थना केली तर आपली आई त्या पाप्यांत मोडत होती असे सुचवल्यासारखे होईल, म्हणून एक महिना आधी थांबायचे. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ ईश्वराची स्तुती आहे. आईच्या अब्रूला जपणारा हा एक महिना मला फार मोठा वाटतो.

त्याच टेंभी नाक्यावर मुनिसुव्रतस्वामींचे जैन मंदिर आहे, आणि जैन सिद्धान्त याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. त्यांच्या मते जीव देह सोडतो तो मोजक्याच ‘समयां’त, म्हणजे काळाच्या अतिसूक्ष्म एककांत, नव्या जन्माला पोहोचतो. वाटेत भुकेला प्रेत नाही, म्हणून पिंडालाही जागा नाही. ज्याने त्याने आपले कर्म स्वतः भोगायचे. साहजिकच त्यांचा सारा भर मरणाआधीच्या तयारीवर, शेवटच्या दिवसांत मन कषायमुक्त, म्हणजे क्रोध-लोभासारख्या विकारांपासून मोकळे, ठेवण्यावर आहे.

तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये जाणारे आमचे कॅथलिक शेजारी 2 नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणार्थ मिस्साला जातात आणि कबरींवर मेणबत्त्या लावतात, कारण शुद्धीस्थानात असलेल्या आत्म्याला जिवंतांच्या प्रार्थनेची मदत होते अशी त्यांची श्रद्धा आहे. प्रोटेस्टंट मात्र हे मानत नाहीत. 1517 साली मार्टिन ल्यूथरने जी 95 विधाने मांडली, त्यांचा रोख पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीवर होता, आणि ती पत्रे मेलेल्या नातेवाइकांच्या नावानेही विकली जात होती. युरोपातला तो मोठा दुभंग ज्या वादातून सुरू झाला, त्याच्या मुळाशी आपल्या घरातला हाच प्रश्न होता. मुसलमानांत प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आहे की माणूस मरण पावला की त्याची कर्मे थांबतात, तीन सोडून: चालू राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ मागणारी गुणी संतती. तरीही मृताच्या नावाने चाळिसावा, फातेहा करावा की नाही यावर बरेलवी आणि देवबंदी या पंथांचे एकमत नाही. मुंब्र्याच्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी दोन भावांत यावरूनच वाद झालेला मी ऐकला आहे.

बौद्ध मताबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण ऐरोली-घणसोलीच्या बाजूला आपल्या शेजारीही बौद्ध कुटुंबे असतील. बुद्धांनी नित्य आत्मा नाकारला, आणि मृत्यूनंतर तथागत असतो की नसतो यांसारख्या प्रश्नांना उत्तर देण्याचे नाकारले. बाण लागलेल्या माणसाने तो कोणी मारला याची चौकशी करत बसण्यापेक्षा आधी बाण काढावा, असे त्यांचे म्हणणे होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा स्वतंत्रपणे आहे. शतकानुशतके ज्या विधींच्या नावाने गरिबांना कर्ज काढायला लावले गेले, त्यांतून ही खरी सुटका होती, असे माझे ठाम मत आहे. आणि तरीही या घरांत जलदानविधी आणि पुण्यानुमोदन होते: भिक्खू किंवा बौद्धाचार्य वंदना घेतात, भांड्यात पाण्याची धार सोडली जाते, आणि आपण मिळवलेल्या पुण्यात गेलेल्याला सहभागी करून घेतले जाते. पिंड गेला, पण पाण्याची धार राहिली. हा कमकुवतपणा आहे असे मला वाटत नाही. माणूस गेल्यावर हात रिकामे राहणे कुणालाच सहन होत नाही.

आता खरे कोणते? विज्ञानाच्या बाजूने सांगण्यासारखे थोडे आहे. 2001 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या 344 रुग्णांचा अभ्यास आला होता. हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेल्या या रुग्णांपैकी 62 जणांना, म्हणजे 18 टक्क्यांना, त्या काळातले काही अनुभव आठवत होते. काही लोक यालाच परलोकाचा पुरावा मानतात. मला ते पटत नाही, कारण ती सारी माणसे परत आलेली आहेत. त्यांचे अनुभव मरणाच्या उंबरठ्याविषयी सांगतात, उंबरठ्यापलीकडच्या घराविषयी नाही. कठोपनिषदात नचिकेता हा मुलगा वर मागताना यमाला हेच विचारतो: मेल्यानंतर माणूस ‘आहे’ असे काही म्हणतात, ‘नाही’ असे काही म्हणतात, ‘अस्तीत्येके नायमस्तीति चैके’. यम सांगतो की देवांनाही यावर शंका होती, दुसरा वर माग. यम पुढे उत्तर देतो, पण आधी त्याने मुलाची शंका योग्य ठरवली, हे मी वर्गात नेहमी सांगत असे. माझे स्वतःचे मत विचाराल तर अण्णा म्हणून जे होते ते आता कुठे आहेत असे मला वाटत नाही. तरीही सर्वपित्रीला मी पान वाढतो आणि वाढताना माझ्या मनात खोटेपणा नसतो, कारण त्यांना वाढण्याची माझी इच्छा खरी असते.

आपल्या घरापुरते माझे म्हणणे असे आहे. आपल्या वडिलांनी हयातीत याविषयी काही बोलून ठेवले असेल तर तो शब्द शेवटचा मानावा. माझ्या बहिणीने आणि मी आपापली इच्छा लिहून ठेवली आहे, तिने नेत्रदानाचीही, कारण त्याला सहाच तास मिळतात आणि त्या वेळी वाद घालायला सवड नसते. त्यांनी काही सांगितले नसेल तर भावाला करू द्यावे. संकल्प करण्याचा किंवा जे मनाला पटत नाही ते उच्चारण्याचा आग्रह त्याने आपल्याला करू नये, आणि आपण घाटावर त्याच्या शेजारी उभे राहावे. उभे राहिल्याने आपली मते मोडत नाहीत. वहिनींच्या वाक्याला उत्तर देऊ नका. आज रात्री भावाला एकट्याला गाठा आणि हे खरे आहे का असे न विचारता विचारा की बाबांसाठी तुझे काय करायचे राहून गेले. आमच्या घरी हा प्रश्न नवव्या दिवशी निघाला. शेवटच्या आजारपणात अण्णांनी मागितलेली साखरेची जिलबी मी मधुमेहामुळे दिली नव्हती, हे मी तेव्हा पहिल्यांदा बोललो. दहाव्याला पिंडाशेजारी जिलबी ठेवली ती बहिणीने, सकाळी लवकर उठून स्वतः आणून.

दहाव्या दिवसाला थोडेच दिवस उरले आहेत. एक गोष्ट भावाला आधीच सांगून ठेवा: कावळा लगेच आला नाही तर वडिलांची कोणती इच्छा राहिली म्हणून एकमेकांकडे पाहू नका. खाडीकाठी सकाळी बरेच पिंड मांडलेले असतात, माणसांची गर्दी असते, पाखरे बुजतात. थोडा वेळ वाट पाहून गुरुजींना दर्भाचा कावळा करायला सांगावा. ती सोय शास्त्रानेच ठेवली आहे, आणि दर्भाच्या कावळ्याने शिवलेला पिंडही पूर्ण शिवलेलाच धरतात.