सोळा वर्षं कॉर्पोरेट फायनान्समध्ये काढल्यावर शिक्षणात उतरावं का?

तुम्ही लिहिलंय की सोळा वर्षं फायनान्समध्ये झाली, आता सीएफओ, म्हणजे कंपनीचे वित्तप्रमुख आहात आणि शिक्षणात स्वतःचं काही उभं करायचं मनात आहे. हा अनुभव तिथे कामी येईल का आणि राजीनामा कधी द्यावा, हे तुमचे दोन प्रश्न. मी सीए आहे. तेरा वर्षं एका इंजिनिअरिंग कंपनीत ट्रेझरी आणि बजेटिंग पाहिलं. गेली तीन वर्षं चिंचवडमध्ये पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी गणिताचं केंद्र चालवते.

राजीनाम्याचं आधी सांगते. इतक्यात देऊ नका. एक अख्खं शालेय वर्ष, जून ते एप्रिल, दर शनिवार-रविवार त्याच दहा-बारा मुलांना स्वतः शिकवा. शिक्षक नेमू नका, ॲप काढू नका, गुंतवणूकदारांना भेटू नका. मोफत ऑनलाइन धडे देणाऱ्या खान अकॅडमीचे संस्थापक सलमान खान आधी हेज फंडात, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा गुंतवणाऱ्या फंडात, विश्लेषक होते. २००४ मध्ये त्यांनी नात्यातल्या एका बहिणीला फोनवरून गणित शिकवायला घेतलं. ती एककांच्या रूपांतरात अडली होती. २००६ मध्ये व्हिडिओ यूट्यूबवर आले आणि नोकरी सुटली ती २००९ मध्ये. ही गोष्ट सांगताना लोक मधली पाच वर्षं गाळतात, मला तीच सगळ्यात मोलाची वाटतात.

मीही असं एक वर्ष शिकवलं. त्या वर्षी सहावीतला एक मुलगा यायचा. भागाकार येत नाही म्हणून आई त्याला घेऊन आली होती. मी आठ रविवार भागाकारच शिकवला. नवव्या रविवारी सहज म्हटलं, चारशे सात लिही. त्याने ४००७ लिहिलं. तो अडला होता स्थानिक किमतीपाशी, म्हणजे तिसरीतच, आणि ती अडचण तशीच घेऊन वरच्या वर्गात जात राहिला होता. मी ऑफिसच्या सवयीने एक्सेल ठेवली होती: हजेरी, झालेले धडे, सोडवलेली उदाहरणं. त्या शीटमध्ये हा मुलगा आठही आठवडे हिरव्या रंगात होता. फायनान्सवाल्यांना इथे खरा धोका आहे तो हा. जे मोजता येतं तेच घडतंय असं आपल्याला वाटायला लागतं.

त्यात सेमी-इंग्लिशच्या मुलांना 'एकोणसत्तर' आणि 'सिक्स्टी नाइन' एकाच तासाला पेलायचे असतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. मुलांसमोर बसल्यावर त्या बदलामागची कळकळ समजली.

आता तुमचा अनुभव. तो उपयोगी पडतो, फार पडतो, पण पाच वर्षांच्या प्रोजेक्शनपेक्षा, म्हणजे पुढच्या अंदाजांपेक्षा, रोजच्या रोकडीत. फी येते जून-जुलैत, पगार द्यायचे बाराही महिने. जूनमध्ये बँकेत दिसणारी रक्कम म्हणजे अजून न शिकवलेल्या तासांचं देणं आहे. हे आपल्याला पाठ असतं, पण या क्षेत्रात भल्याभल्यांचं भान सुटतं. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचा २०२०-२१ चा ४,५८८ कोटींचा तोटा सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला, तेव्हा चर्चा होती तीच: अनेक वर्षांच्या कोर्सची फी उत्पन्नात कधी धरायची. मी फी आली की तिचे महिन्यांप्रमाणे भाग करते. चालू महिन्याचा भाग रोजच्या खात्यात, बाकीचे दुसऱ्या खात्यात, आणि त्याला हात लावत नाही. मार्चचा पगार थकला आणि शिक्षक वार्षिक परीक्षेच्या तोंडावर सोडून गेला, तर मुलांचं जे नुकसान होतं ते भरून काढता येत नाही.

शिकवणीवर्गाची उलाढाल वर्षाला २० लाखांपुढे गेली की १८ टक्के जीएसटी लागतो. पालकांना त्याचं क्रेडिट मिळत नाही (व्यावसायिकांसारखा तो दुसऱ्या करातून वळता करता येत नाही), म्हणजे हजाराची फी त्यांना ११८० ला पडते. शालेय शिक्षणाला मात्र तो माफ आहे.

शाळाच काढायची असेल तर हिशेब निराळा. ती सहसा ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी चालवते. सर्वोच्च न्यायालयाने खासगी शिक्षणसंस्थांबद्दलच्या २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात वाजवी शिल्लक मान्य केली, नफेखोरी नाही. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे न्यावा लागतो आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. पुढे विकून बाहेर पडायचं गृहीत धरून ज्याचं मॉडेल बनतं, त्याने शाळेत पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आशिष धवन यांचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. क्रिसकॅपिटल ही गुंतवणूक कंपनी सोडून त्यांनी २०१२ मध्ये शालेय शिक्षणासाठी सेंट्रल स्क्वेअर फाउंडेशन ही संस्था काढली, अशोका विद्यापीठाच्या उभारणीतही ते होते. मोठं काम आहे, मला आदर आहे. पण ते खासगी इक्विटीतली, म्हणजे कंपन्यांत मोठा पैसा गुंतवण्याच्या धंद्यातली, कारकीर्द करून आले होते, आपण पगारावर जगणारी माणसं. मी घराचा हप्ता संपवून, तीस महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून बाहेर पडले. त्यातले बावीस महिने वापरले गेले. हा आकडा राजीनाम्याआधी घरच्यांसमोर मोकळेपणाने मांडा.

सुरुवात जूनमध्येच करा, मधूनच मुलं गोळा करू नका. कोणती इयत्ता घेताय ते इथे लिहा. पाचवी-सहावी असेल तर पहिल्या महिन्यात मी घेते त्या चाचण्या पाठवते. त्या तिसरीच्या गणितापासून सुरू होतात.