विषाणूंची प्रथिनं पेशीतलं संदेशवहन बिघडवून कॅन्सर कसा घडवतात? आणि गाठ झाल्यावर विषाणूचं काम संपतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. संपत नाही, एचपीव्हीच्या (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या) बाबतीत तर मुळीच नाही. याच मुद्द्यावर मी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठांशी खूप भांडलो आहे.

त्यांचं म्हणणं, विषाणू म्हणजे नुसती काडी. आग लागल्यावर काडीला कोण विचारतो? पुढचं सगळं पेशीची स्वतःची म्युटेशन्स (डीएनएमधले बदल) करतात. मी तेव्हा हेला या, प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या, कॅन्सरच्या पेशींवर काम करत होतो. १९५१ साली गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या या पेशींत एचपीव्ही १८ या प्रकाराचे ई६ आणि ई७ हे जीन आजही चालू आहेत, म्हणजे त्यांची प्रथिनं बनत असतात. ई६ पेशीच्याच ई६एपी या एन्झाइमला हाताशी धरून पी५३ या, बिघडलेल्या पेशीचं विभाजन रोखणाऱ्या प्रथिनावर युबिक्विटिन (मोडीत काढायची खूण) चढवतं आणि प्रोटिअसोमकडून, म्हणजे पेशीच्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडून, त्याचा निकाल लावतं. ई७ आरबी या विभाजनाला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं, त्याने अडवलेलं ई२एफ (विभाजनाचे जीन चालू करणारं प्रथिन) मोकळं सुटतं, आणि वाढीचा संदेश आलेला नसतानाही पेशी डीएनएची प्रत काढायला घेते.

मी एसआयआरएनए (ठरावीक जीन गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे) वापरून ई६-ई७ दोन्ही दाबले. ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) कंट्रोलच्या, म्हणजे ई६-ई७ न दाबलेल्या पेशींच्या, लेनमध्ये पी५३ जवळजवळ नव्हतंच. शेजारच्या लेनमध्ये ठसठशीत बँड! पाठोपाठ पी२१ (पी५३ च्या हुकमाने विभाजन थांबवणारं प्रथिन) वर आलं, पेशी पसरट झाल्या, विभाजन थांबलं. म्हणजे पी५३ चा जीन इतकी वर्षं शाबूत होता, प्रथिन बनत होतं आणि बनल्याबरोबर मोडलं जात होतं. इतकी दशकं प्लेटमध्ये वाढूनही या पेशींचं विषाणूवाचून चालत नाही. (विषाणूचंच ई२ प्रथिन पेशींत घालून असाच परिणाम इतरांनी आधी दाखवला होता, पहिलेपणाचा दावा माझा नाही.) वरिष्ठ म्हणाले, "ही एकच सेल लाइन झाली." मग एचपीव्ही १६ वाल्या सीहा आणि कॅस्की या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या आणखी दोन सेल लाइन घेतल्या. तिथेही पी५३ परत आलं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

तुम्ही विचारलेलं संदेशवहन अधिक थेट दिसतं ते ईबीव्ही (एपस्टाइन-बार) या दुसऱ्या विषाणूच्या एलएमपी१ या प्रथिनात. ते सीडी४० या, पेशीबाहेरचा संदेश आत पोचवणाऱ्या रिसेप्टरसारखं वागतं, पण त्याला लायगंड (बाहेरून येऊन जोडला जाणारा संदेशाचा रेणू) लागतच नाही, त्यामुळे एनएफ-कप्पाबी हा जगण्या-वाढण्याचे जीन चालू करणारा मार्ग सतत चालू. एचपीव्हीचं ई५ हे प्रथिन ईजीएफआर या वाढीच्या रिसेप्टरचे संदेश लांबवतं.

एवढं मात्र खरं की एचपीव्हीचे बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात, आणि टिकलेल्या संसर्गातूनही कॅन्सर व्हायला सहसा बरीच वर्षं आणि आणखी म्युटेशन्स लागतात. तेवढ्यापुरतं वरिष्ठांचं बरोबर आहे.

तुम्ही यावर काम करणार असाल तर गाठीत विषाणूचा डीएनए सापडला एवढ्यावर थांबू नका, विषाणूचे जीन चालू आहेत का हे कळायला आरएनए तपासा. आणि कोणी एचटीएलव्ही-१ या ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) घडवणाऱ्या विषाणूचं उदाहरण तोंडावर फेकेल, की ल्युकेमियाच्या पेशींत त्याचा टॅक्स हा कॅन्सर घडवणारा जीन बऱ्याचदा बंदच असतो. असतो. पण त्याच पेशींत त्याच विषाणूचं एचबीझेड हे दुसरं जनुक चालू असतं, हे त्यांना जरूर सांगा.