अल्सर फुटला, तरी ऑपरेशन नाही?

वाचकांचे प्रश्न, सर्जन मंडळींची उत्तरं

प्रश्न : माझे वडील ५६ वर्षांचे. गुडघेदुखीसाठी वर्षभर गोळ्या घेत होते. मध्यंतरी पोटात अचानक कळ आली. सीटी स्कॅनमध्ये अल्सर फुटल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, सलाइन आणि इंजेक्शनं चालू ठेवली, आणि आठवड्याभरात ते ऑपरेशनशिवाय घरी आले. नातेवाईक म्हणतात, भोक शिवलंच नाही तर ते बुजलं कसं? आमची फसवणूक तर झाली नाही ना? (सांगली)

उत्तर : फसवणूक नाही. जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला फुटलेला अल्सर बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. पोटातला चरबीचा पडदा (ओमेंटम) आणि यकृताची खालची बाजू त्यावर चिकटून बसते, आणि बऱ्याच रुग्णांत रुग्णालयात पोहोचेपर्यंत गळती थांबलेलीही असते. जठर रिकामं ठेवलं तर या नैसर्गिक ठिगळाला धरून राहायला वेळ मिळतो. लंडनचे सर्जन हर्मन टेलर यांनी १९४६ साली हाच इलाज पद्धतशीर मांडला. हाँगकाँगमधल्या १९८९ च्या चाचणीत ८३ रुग्ण होते. त्यांतल्या ४० जणांवर आधी ऑपरेशनशिवाय उपचार झाले. ११ जणांना १२ तासांत उतार पडला नाही, म्हणून त्यांचं ऑपरेशन करावं लागलं. बाकीच्यांना ऑपरेशन लागलं नाही. सत्तरीपुढच्यांना मात्र या इलाजाचा गुण कमी आला, आणि रुग्णालयातला मुक्काम ऑपरेशनवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के लांबला.

म्हणजे हा रस्ता निवडक रुग्णांसाठीच आहे. वय सत्तरीच्या आत, रक्तदाब स्थिर, पोट सगळीकडे लाकडासारखं कडक झालेलं नाही, दुखणं सुरू होऊन फार तास उलटलेले नाहीत आणि कॉन्ट्रास्टच्या तपासात गळती दिसत नाही, अशांनाच थांबवून ठेवता येतं. या तपासासाठी गॅस्ट्रोग्राफिनसारखं पाण्यात विरघळणारं औषध नळीतून सुमारे ५० मिली सोडतात आणि ते आतड्याबाहेर झिरपतं का ते पाहतात. इथे बेरियम चालत नाही. ते पोटाच्या पोकळीत गेलं तर तिथेच साचून राहतं आणि सूज भयंकर वाढवतं.

उपचाराचा कणा म्हणजे रायल्स ट्यूब, नाकातून जठरात जाणारी नळी. मोठ्या माणसाला १६ किंवा १८ नंबरची घालतात. तिचं टोक जठरात आहे की अन्ननलिकेतच राहिलंय, हे एक्स-रेवर पाहून घ्यावं लागतं. तोंडावाटे काहीही नाही. डोक्याची बाजू थोडी उचललेली. रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचं सलाइन) इतकं, की लघवी दर तासाला प्रतिकिलो निदान अर्धा मिली व्हावी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली. जठरातलं ॲसिड कमी करणारं पँटोप्राझोल आधी ८० मिग्रॅ, मग दर १२ तासांनी ४०. पहिल्या तासाभरातच अँटिबायोटिक : पिपेरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर ६ ते ८ तासांनी, किंवा सेफ्ट्रिआक्सोन २ ग्रॅम रोज एकदा आणि जोडीला मेट्रोनिडॅझोल ५०० मिग्रॅ दर ८ तासांनी. मूत्रपिंड, यकृत आणि ॲलर्जी पाहून यात बदल होतात.

हा बेत फसतो तो बऱ्याचदा अगदी साध्या कारणांनी. नळी चोंदते, पिशवीत काही येत नाही, आणि ‘जठर रिकामं झालं’ असं समजून सगळे निवांत राहतात. म्हणून दर काही तासांनी २० मिली सलाइन सोडून नळी चालू आहे ना ते बघायला हवं. दुसरं कारण आपणच असतो. ‘ओठ सुकलेत हो’ म्हणून नातेवाईक चमचाभर पाणी पाजतात, मग दुसरा चमचा, मग चहाचा घोट. ओला कापूस ओठांवर फिरवा, तेवढं पुरे.

आणि घड्याळ. दर २ ते ४ तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरांनी, पोट दाबून पाहायचं. नाडी १०० च्या वर जाऊन चढतच राहिली, ताप वाढला, कडकपणा पसरला, वरचा रक्तदाब ९० च्या खाली आला, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्त अपुरं पडल्याची खूण) वाढलं, यांतलं काहीही दिसलं की ऑपरेशन थिएटर. १२ तासांत स्पष्ट उतार नसेल तरीही थिएटर. डेन्मार्कमधल्या २,६६८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) ऑपरेशन लागणाऱ्या रुग्णांत प्रत्येक तासाच्या विलंबामागे वाचण्याची शक्यता सुमारे २.४ टक्क्यांनी घटत गेली होती. म्हणून रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाही अशा ठिकाणी थांबून बघण्याचा प्रयोग करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथून वेळेत हलवणं हाच इलाज.

वडिलांचं आता पुढे : डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही अल्सर करणारी वेदनाशामकं बंद, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्याही बंद, कारण त्यात स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. तंबाखू, मिश्री, विडी असेल तर तीही सुटलीच पाहिजे. साधारण ६ आठवड्यांनी दुर्बिणीची तपासणी करा. अल्सर जठरातला असेल तर तुकडा तपासायला पाठवणं भागच आहे, कारण फुटलेला कर्करोगही असाच दिसतो. अल्सरला कारण ठरणाऱ्या एच. पायलोरी जंतूची तपासणी अँटिबायोटिक संपून ४ आठवडे आणि पँटोप्राझोल थांबवून २ आठवडे झाल्यावर केली तरच नकारात्मक निकालावर भरवसा ठेवता येतो. ही गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवा. जंतू सापडला तर १४ दिवसांचा कोर्स मध्येच सोडू नका.

प्रश्न : गावच्या दवाखान्यात पोटाचा एक्स-रे नॉर्मल आला. दुसऱ्या दिवशी सीटीत आतडं फुटल्याचं कळलं. एक्स-रे चुकला का? (बार्शी)

उत्तर : एक्स-रेला मर्यादा आहे. साधारण पाचातल्या एका रुग्णात, कधी त्याहूनही जास्त जणांत, फुटूनही भोकातून पोटाच्या पोकळीत निसटलेली हवा दिसत नाही. त्यात पोटाचा आडवा एक्स-रे काढला असेल तर आणखीच कठीण. हवा आहे की नाही हे पाहायला छातीचा उभा एक्स-रे लागतो. रुग्णाला आधी १० मिनिटं बसवून ठेवलं तर हवा वर सरकते आणि उजव्या बाजूला, यकृत आणि श्वासपटल यांच्यामध्ये, काळी चंद्रकोर उमटते. डाव्या बाजूची हवा जठरातलीही असू शकते, म्हणून डोळे उजवीकडे. बसवत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून फोटो काढतात.

सीटी याहून कितीतरी सूक्ष्म हवा पकडतो, आणि भोक साधारण कुठे आहे तेही सांगतो. ते कळल्याशिवाय ऑपरेशन टाळण्याची चर्चाच व्यर्थ. उलटही होतं : नुकतीच लॅप्रोस्कोपी (पोटात हवा भरून दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन) झाली असेल तर हवा काही दिवस तशीच असते, आणि यकृतावर चढलेलं मोठं आतडंही चंद्रकोरीचा भास देतं. रक्तातलं ॲमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य) थोडं वाढलं म्हणून ‘स्वादुपिंडाची सूज’ असा शिक्का मारून थांबू नये. फुटलेल्या अल्सरमध्येही ते वाढतं. वयस्क, मधुमेही आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांचं पोट मऊच लागतं, त्यांना सीटी लवकर करावा. वेदनाशामक इंजेक्शन दिल्यानं निदान बुडतं हा समज जुना झाला, ते देऊन मग तपासलेलं बरं.

प्रश्न : अपेंडिक्स फुटून गोळा झालाय, म्हणून आधी औषधं आणि ऑपरेशन नंतर, असं सांगितलं. उलटं वाटतं. (ठाणे)

उत्तर : दुखणं सुरू होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतडी आणि ओमेंटम अपेंडिक्सभोवती चिकटून गोळा बांधतात. त्यात हात घातला तर चांगलं आतडं फाटतं, म्हणून थांबतात. गोळ्याची कड पेनानं पोटावर आखून ठेवायची आणि रोज तिच्याशी ताडून पाहायची. नाडी, ताप आणि उलट्या यांची नोंद. पू साचून पोकळी ४ सेंमीच्या पुढे गेली तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या साहाय्यानं बाहेरून नळी घालून तो काढतात. गोळा वाढतोय, नाडी चढतेय, दुखणं पसरतंय असं झालं तर बेत रद्द.

सगळं शमल्यावर अपेंडिक्स काढायचंच का, यावर मतभेद आहेत. चाळिशीपुढे मात्र आत गाठ (ट्यूमर) लपलेली नाही याची खात्री करावीच लागते. फिनलंडमधली एक चाचणी (२०१९ साली प्रसिद्ध) याच कारणानं अर्ध्यातच थांबवावी लागली. चाळिशीपुढच्या रुग्णांत इतक्या गाठी निघाल्या होत्या.

प्रश्न : कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) भोक पडलं तर? (पणजी)

उत्तर : पोट साफ केलेलं असतं, त्यामुळे मळ सांडत नाही, आणि भोक समोर दिसत असतं. ते १ सेंमीच्या आत असेल तर दुर्बिणीतूनच बारीक क्लिपा लावतात. त्याहून मोठं, २ सेंमीपर्यंत, असेल तर दुर्बिणीच्या टोकावर बसवायची मोठी क्लिप असते. मग उपास, अँटिबायोटिक, देखरेख. पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचा कोंब) काढल्यावर चटक्यानं आतडं दोन-तीन दिवसांनीही फुटू शकतं, तेव्हा घरी आल्यावर ताप किंवा वाढती पोटदुखी असेल तर त्याच दिवशी परत जा.

प्रश्न : माशाचा काटा गिळला गेला, एक्स-रे स्वच्छ आहे. निश्चिंत राहू? (मालवण)

उत्तर : काटा साध्या एक्स-रेवर बहुधा दिसत नाही. बहुतेक काटे शौचावाटे निघून जातात. पण पुढच्या काही दिवसांत एकाच जागी टोचल्यासारखं दुखू लागलं किंवा ताप आला, तर सीटी करा. भोक इवलंसं, जागच्या जागी बुजलेलं असेल तर औषधांवर भागतं. काटा दुर्बिणीच्या आवाक्यात असेल तर तो काढून घ्यावा.

प्रश्न : टायफॉइडनं आतडं फुटलं तरी असंच थांबता येतं? (नांदेड)

उत्तर : नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला लहान आतड्याच्या शेवटच्या भागात भोक पडतं, कधी एकाहून जास्त. आजूबाजूचं आतडंही कुजलेलं असतं, ठिगळ धरत नाही आणि मळ सांडतच राहतो. द्रव आणि अँटिबायोटिक देऊन लवकरात लवकर ऑपरेशन. रुग्ण भूल सोसण्याच्या स्थितीतच नसेल तर जागा बधिर करून कुशीतून नळी घालतात आणि साचलेलं काढतात. त्यानं मिळतात ते काही तास, रक्तदाब सावरून रुग्णाला टेबलावर घेण्यासाठी.