फोर बाय फोरला चार इंचांची सस्पेन्शन लिफ्ट घरच्या घरी बसवता येईल का?

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे लांब स्प्रिंग घालून गाडीची बॉडी उचलणं. चार इंच नको. दोन इंचांची घ्या, ती घरी जमते. माझ्या गाडीची लिफ्ट एकदा गॅरेजमध्ये बसवून घेतली आणि दुसऱ्यांदा मी स्वतः बसवली. गाडी पुढे-मागे सलग ॲक्सलची, कॉइल स्प्रिंगवाली.

दगडांवर गाडीचं पोट घासतं, असं तुम्ही लिहिलंय. नेमकं काय घासतं ते आधी वाकून बघा. चॅसी घासत असेल तर लिफ्टने फरक पडेल. डिफरन्शिअलचा गोळा (ॲक्सलवरची गिअरची पेटी) घासत असेल तर लिफ्टचा काही उपयोग नाही. लांब स्प्रिंगने बॉडी वर जाते, ॲक्सल चाकांबरोबर होता तिथेच राहतो. त्याला उंची मिळते फक्त मोठ्या टायरने, तीही वाढलेल्या व्यासाच्या निम्मी. ३१ इंचांचे टायर काढून ३३ चे घातले तर एक इंच. मग स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ च्या आसपास पळत असेल, हेही लक्षात असू द्या.

चार इंचांना माझा विरोध स्टीअरिंगमुळे आहे. गाडी उचलली की पुढचा ॲक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो, कॅस्टर (स्टीअरिंग ज्यावर वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ यायला कुरकुरतं. सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला चॅसीशी आडवा जोडणारी दांडी) ॲक्सल एका बाजूला सरकतो तो वेगळाच. दोन इंचांपर्यंत हे बहुतेक वेळा कॅस्टर सुधारणाऱ्या बुशवर (दांड्यांच्या सांध्यातले रबरी तुकडे) निभावतं. चार इंचांना प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) कोन, ब्रेकचे होस, बंप स्टॉप (सस्पेन्शनला जास्त दबू न देणारे रबर), सगळंच बदलत जावं लागतं, शिवाय गाडी वळणावर जास्त झुकते. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनची असतील तर सीव्ही जॉइंट (चाकांना ताकद देणाऱ्या दांड्याचे वाकणारे सांधे) तिरके चालून लवकर झिजतात.

स्प्रिंग निवडताना गाडीत कायम किती वजन असतं ते खरंखरं मोजा. विंच (गाडी ओढून काढायचा पुढचा जड दोरखंडाचा रहाट) नसताना विंचसाठीची स्प्रिंग घातली तर गाडी नुसती आदळते.

आता बसवण्याबद्दल, आणि इथे मी हात जोडून सांगतो: बुशचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळू नका. माझ्या पहिल्या वेळी गॅरेजवाल्यांनी नेमकं तेच केलं आणि काही महिन्यांत बुशचं रबर फाटलं. हे रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. हवेत आवळलं की गाडी जमिनीवर उभी असतानाही ते कायम पिळलेलंच राहतं. म्हणून बोल्ट नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, चारही कोपरे दाबून हलवा, थोडी पुढे-मागे घ्या आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना) आवळा. मागे कॉइलऐवजी पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतील तर ते ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या, जुने परत वापरू नका.

काम चालू असताना स्टँड चॅसीखाली लावलेले असावेत, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. स्प्रिंग कंप्रेसरने दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड नेऊ नका. ॲक्सल पूर्ण खाली सोडून स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि ब्रेकचे होस, एबीएसच्या वायरी ताणल्या जातात का बघा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी असते, ती गाडीतला भार ओळखते. लिफ्टनंतर तिला गाडी रिकामी आहे असं वाटतं आणि ती मागचा ब्रेक कमी करते. तुमच्याकडे ती असेल तर दांडीची लांबी जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

शेवटी अलाइनमेंट करा, हेडलाइट खाली झुकवा आणि साधारण ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. लिफ्टच्या किटला हात लावण्याआधी मात्र चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर वहीत लिहून ठेवा. नाहीतर खरंच किती उचललं गेलं ते तुम्हाला कळणारच नाही.