26 आठवड्यांच्या बाळासाठी खानदेशात कृत्रिम गर्भाशय किंवा द्रवाने श्वास देणारं मशीन मिळेल का?

नाही मिळणार, भाऊ. 2017 साली फिलाडेल्फियात अपुऱ्या दिवसांची कोकरं द्रवाच्या पिशवीत चार आठवड्यांपर्यंत जगवली, त्यांना ऑक्सिजन नाळेतून दिला. फुप्फुसात परफ्लुरोकार्बन (ऑक्सिजन विरघळवून नेणारा द्रव) भरायचा प्रयोग माणसाच्या बाळांवर 1989मध्ये झाला, पण तो नेहमीच्या उपचारात आला नाही. त्यासाठी मुंबई-पुण्याला फोन करण्यात दिवस घालवू नका.

तुमच्या प्रश्नात "इथे नुसतं बाटलीचं मशीन आहे" असं वाक्य आहे, ते मला लागलं. ते बबल सीपॅप: नाकातल्या नळ्यांतून सतत दाबाने हवा देऊन बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारं मशीन, त्याचा दाब पाण्याच्या बाटलीने ठरतो. 1971मध्ये डॉ. ग्रेगरींनी सततच्या दाबाचा हा उपाय 20 बाळांवर करून पाहिला, 16 वाचली. तेव्हा हाही प्रयोगच होता. "व्हेंटिलेटर म्हणजे मोठं हॉस्पिटल" असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. 2010च्या सपोर्ट चाचणीत 24 ते 27 आठवड्यांच्या बाळांना जन्मतःच सीपॅप देणं हे श्वासनलिकेत नळी घालून सर्फॅक्टंट (फुप्फुसं मिटू न देणारं औषध) देण्याच्या तोडीचं ठरलं.

बाटलीतली नळी पाण्यात 5 सेंटिमीटर बुडाली की 5चा दाब (सेंटिमीटर पाण्याचा). प्रवाह मिनिटाला 5 ते 8 लिटर, हवा ओलसर आणि 37 अंशांची. सगळं बिघडतं ते नाकापाशी. बुडबुडे थांबले की आधी प्रवाह वाढवू नका. प्राँग (नाकात बसणाऱ्या दोन छोट्या नळ्या) बाळाच्या नाकातून काढून दोन्ही टोकं बोटांनी दाबा. बाटलीत बुडबुडे आले तर सर्किट, म्हणजे मशीनच्या नळ्यांची जोडणी, ठीक आहे, गळती नाकाशी किंवा उघड्या तोंडातून आहे. प्राँगचं माप बदला, हनुवटीला पट्टी द्या. बुडबुडे आलेच नाहीत तर जोड सुटलाय किंवा ह्युमिडिफायरचं (हवा ओलसर करणाऱ्या भांड्याचं) झाकण सैल आहे. प्राँग आणि नाकाच्या पडद्यात दोन मिलिमीटर फट हवीच, नाहीतर तिसऱ्या दिवशी तिथे जखम दिसते.

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे वॉर्डात एसी जोरात असतो, त्याने नळीत पाणी साचतं. नळी बाळाच्या पातळीच्या खाली ठेवा, नाहीतर ते पाणी नाकात जातं. बाटलीत ओघळून पातळी वाढली तर 5चा दाब नकळत 7 होतो, म्हणून खूण करून दर पाळीला बघायचं. पोट फुगतं, त्यासाठी तोंडातून पोटात घातलेली नळी उघडी ठेवायची.

रक्तातल्या ऑक्सिजनचं (पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा) लक्ष्य 90 ते 95 टक्के. जादा ऑक्सिजन चालू असताना "99 आहे, छान आहे" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा, डोळ्याचा पडदा जाऊ शकतो. इतक्या लहान बाळाची डोळे-तपासणी जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत झालीच पाहिजे. श्वास थांबू नये म्हणून देतात त्या कॅफीनचंही विचारा: पहिला डोस कॅफीन सायट्रेट किलोला 20 मिलिग्रॅम.

हे सगळ्यांना पुरतं असं मात्र नाही. 6च्या दाबावरही बाळाला दिल्या जाणाऱ्या हवेत 30 टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागत असेल तर बारीक कॅथेटरने सर्फॅक्टंट द्यावं लागतं. वारंवार श्वास थांबत असेल तर श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावावाच लागतो, त्यात हट्ट नको.

बाळंतपण अजून व्हायचं असेल तर धडगाव-अक्कलकुव्याकडून निघण्याआधीच आईला डेक्सामेथासोन (बाळाची फुप्फुसं तयार करणारं इंजेक्शन) सुरू करायला सांगा: 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, चार डोस. पहिला डोस गाडीत बसण्याआधी.