कॉटवरची झोप

प्रिय बाळा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज पहाटे 3:40 चा. ‘काका, झोपच लागत नाही. परीक्षेचं टेन्शन आहे, निकाल लागला की जाईल.’ हे दुसरं वाक्य मला पटलं नाही.

ओपीडीत बसायचो तेव्हा मीही असंच सांगायचो, की उदासी बरी झाली की झोप येईल मागोमाग. पण उदासी ओसरूनही ज्यांची झोप बिघडलेलीच राहिली, त्यातले कितीतरी जण पुन्हा उदास होऊन समोर येऊन बसले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 26 विद्यापीठांतले झोप न लागणारे 3,755 विद्यार्थी घेतले आणि निम्म्यांना फक्त झोपेवरचे उपचार दिले. त्यांचा संशयीपणा आणि भास, दोन्ही कमी झाले. म्हणजे नाक दाबल्यावर तोंड उघडतं तसं काहीसं.

तुझी सदाशिव पेठेतली खोली मी पाहिलीय. कॉट बेसिस. त्याच कॉटवर तू वाचतोस, डबा खातोस, रील्स बघतोस, आईशी खोटं हसत बोलतोस. मग रात्री अकराला त्याच कॉटने तुला झोपवायचं कसं? मेंदूला ती जागा जागरणाची म्हणूनच पाठ झालीय.

तेव्हा पुस्तकं अभ्यासिकेत. डबा खाली बसून. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर ऊठ, गॅलरीत बस, डोळे जड झाले की परत ये. घड्याळ बघू नकोस. रात्र कशीही गेली तरी सकाळी सहाला उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. पहिला आठवडा माझ्या नावाने शिव्या देशील, दे. आणि तो रात्री नऊचा कटिंग बंद. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

रूममेटची गोळी घेऊ नकोस.

दोन-तीन तास झोपूनही अंगात वारं शिरल्यासारखा उत्साह वाटला, तर मात्र हे सगळं थांबव आणि थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, ते प्रकरण वेगळं असू शकतं. जगणं नको वाटलं तर 14416 लाव, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. मलाही लाव, कितीही वाजता.

मंगळवारी पुण्यात येतोय. अमृततुल्यात भेटू, पण सकाळी सातला.

तुझा,
काका